उसवबाई

उसवबाई दिसायला अगदीच कुणी नव्हत्या. बसमध्ये शेजारी तासभर बसल्या तरी उतरल्यावर चेहरा आठवू नये, अशा. ठेंगण्या, केस घट्ट बांधलेले, उजव्या हाताची दोन बोटं खडूनं कायम पांढरी आणि अंगावर कुठंतरी दोऱ्याचा एक तुकडा चिकटलेला. आम्ही तो दाखवला की म्हणायच्या, "एक काढला की दुसरा येतो. राहू दे." गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात त्या तपासनीस होत्या. दिवसाला दोन-तीनशे सदरे त्यांच्या टेबलावरून जात. शिवण वाकडी दिसली की खडूची खूण करायची आणि सदरा उसवायला परत पाठवायचा, हे त्यांचं काम. बावीस वर्षं त्या हेच करत होत्या.

अशा बाई आमच्या कॉलेजच्या मुलींच्या फुटबॉल संघाला शिकवायला आल्या आणि आठ महिन्यांनी गेल्या. गेल्या त्या माझ्यामुळे. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना माझ्याबद्दल कुणाचा गैरसमज व्हायला नको.

आम्ही चांगल्या खेळायचो. ही बढाई नाही. बढाई मारायची माझी वेळ केव्हाच गेली. मधल्या फळीत एक मुलगी होती, तिला आम्ही भोवरा म्हणायचो, कारण पायात चेंडू असताना ती कुठल्या बाजूला वळेल हे तिचं तिलाही माहीत नसायचं. गोलकीपरचं नाव कपाट. ती गोलात उभी राहिली की मागची जाळी दिसायची नाही. आणि मी पुढची, कॅप्टन. चेंडू माझ्या पायाला चिकटायचा. कसा, ते मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक करून घ्यायची गरजही वाटली नव्हती. माझी आई म्हणायची, "दैव देतं आणि कर्म नेतं, जरा जपून." मला वाटायचं, आयांना असं काहीतरी म्हणावंच लागतं.

आमचे क्रीडाशिक्षक निवृत्त झाले होते आणि जागा रिकामी होती. त्याच सुमाराला संघाच्या नव्या जर्सी घेऊन बाई कारखान्यातून आल्या. मापं बरोबर बसतात का ते बघायला थांबल्या आणि मग सराव बघत काठावर बसून राहिल्या. मी तिघींना चकवून एक गोल मारला आणि सवयीप्रमाणे कौतुक करणारं कुणी आहे का ते पाहिलं, तर फक्त या. विचारलं, "कसा होता?"

"छान होता," त्या म्हणाल्या. "डावीकडं दोघी मोकळ्या उभ्या होत्या. त्यांना काय शोभेला ठेवलंय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. जर्सीचे गठ्ठे बांधणाऱ्या बाईनं मला फुटबॉल शिकवावा! पण कपाट खो खो हसत सुटली, आणि शोभेच्या दोघींनी बाईंना दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं. मग कळलं, की लहानपणी थोरल्या भावाला सरावासाठी गोलकीपर मिळेना म्हणून त्यानं यांना गल्लीत दोन दगडांमध्ये उभं केलं होतं. पुढं कारखान्यात बायकांचा संघ निघाला, त्यात त्या तीन वर्षं खेळल्या. मालकानं तो बंद केला. संघ गेला, पण यांची नजर शाबूत राहिली.

प्राचार्याबाईंनी दोन दिवस खिडकीतून त्यांचं शिकवणं पाहिलं आणि त्यांना त्या हंगामापुरतं नेमलं. प्रमाणपत्र नव्हतं, म्हणून अट अशी, की आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा झाल्यावर समिती बसेल आणि त्यांना कायम ठेवायचं की नाही ते ठरवेल.

ती जागा त्यांना किती हवी होती, ते मी त्यांच्या घरी गेले तेव्हा कळलं. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात त्या आणि त्यांची सासू. सासूबाईंनी मला बघताच तक्रार मांडली, "दिवसभर हिला सदरे आणि संध्याकाळी तुम्ही. माझ्या झंपरचं बटण दोन महिने झाले तुटलंय, ते कोण लावणार?" बाई हसल्या, सुई काढली आणि बटण लावता लावता मला म्हणाल्या, "दिवसभर मी दुसऱ्यांच्या चुका शोधते गं. बावीस वर्षांत अख्खा सदरा काही माझ्या हातून शिवून झाला नाही. तुमच्याकडं आले की वाटतं, काहीतरी तयार होतंय. ही एवढी जागा राहिली ना, तर मला आणखी काही नको." मग बोलून गेल्याची लाज वाटल्यासारखं त्यांनी दोरा दातानं तोडला आणि विषय बदलला.

त्यांची शिकवण्याची एकच तऱ्हा होती. अर्ध्या मैदानात आम्हाला पसरून उभं करायचं, चेंडू हिसकावून घ्यायला मध्ये चौघी सोडायच्या, आणि आपसात सलग वीस पास करायचे. जमिनीवरून, एकीनं दोनदाच पाय लावायचा. चेंडू हिसकावला गेला किंवा रेषेबाहेर गेला, की काठावरून हाक यायची, "उसवा!" म्हणजे पुन्हा एकपासून. अठराव्याला चुकलं तरी एकपासून. भोवरा एकदा रडकुंडीला येऊन म्हणाली, "बाई, निदान दहापासून तरी धरा!" तर म्हणे, "कॉलर वाकडी असली तर नुसतं वरचं बटण लावून भागतं का?" तेव्हापासून त्या उसवबाई झाल्या. तोंडावर आम्ही बाईच म्हणायचो, पण त्यांना ठाऊक होतं आणि बहुतेक आवडतही होतं.

आम्हा कलाकारांना वीस पासचा भयंकर कंटाळा यायचा. त्यात गोल नाही, चकवणं नाही, टाळ्या नाहीत. मोकळ्या मुलीला चेंडू द्यायचा आणि आपण पुन्हा मोकळं व्हायचं, बास. त्यांच्यासमोर आमची मजल कधी तेराच्या पुढं गेली नाही. स्पर्धा जवळ आली तसे त्यांनी दिवस वाटून दिले. गोलवर मारण्याचा एक, बचावाचा एक, पळण्याचा एक, आणि गुरुवार फक्त वीस पासांचा. पण गुरुवारी कारखान्यात जादा काम निघू लागलं आणि त्यांना येता येईना. तेव्हा त्यांनी गुरुवार माझ्यावर सोपवला. "शुक्रवारी मला फक्त सांगायचं, किती वेळा उसवलं आणि वीस झाले की नाही," एवढंच त्या म्हणाल्या.

एवढ्यावर त्यांनी विश्वास का ठेवावा? तर कारखान्यात एक रीत होती. शिवताना आपलं चुकलं असं जिला कळेल तिनं त्या जागी लाल दोरा बांधून सदरा पुढं द्यायचा. लाल दोऱ्याबद्दल कुणी चकार शब्द बोलायचं नाही. बोलणी बसायची ती लपवलेल्या चुकीला. अशा बायकांमध्ये त्यांचा जन्म गेला होता. आपली चूक माणूस आपण होऊन सांगतो, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं.

पहिल्या गुरुवारी अर्ध्या तासात आम्ही आठच्या पुढं गेलो नाही. भोवरा म्हणाली, "मरू दे, चला." आम्ही पायऱ्यांवर जाऊन बसलो आणि अंधार पडेपर्यंत गप्पा हाणल्या. शुक्रवारी बाईंनी विचारलं, "किती वेळा?"

"नऊ वेळा," मी म्हणाले. "दहाव्याला झाले वीस."

हे नऊ मी ठरवून काढलं होतं. एकदाही उसवलं नाही म्हटलं असतं तर शंका आली असती. बाईंचा चेहरा असा खुलला, की मला क्षणभर वाटलं, खरंच झाले असावेत. "नऊच? शाबास! पुढच्या वेळी सातवर आणा." पुढच्या वेळी मी सात सांगितलं. मग सहा, मग चार. दोन महिने आम्ही गुरुवारी पायऱ्यांवर बसलो. सराव झाला असेल तर तो माझ्या खोटं बोलण्याचा झाला, आणि त्यात मात्र मी आठवड्यागणिक सुधारत गेले. बाकीच्या दहा जणी गप्प राहिल्या, कारण पायऱ्यांवर त्याही बसल्या होत्या.

स्पर्धेत आम्ही उपांत्य सामन्यापर्यंत गेलो ते आमच्या अंगच्या गुणांवर. समोरचे संघ कच्चे होते, माझे गोल होत होते. उपांत्य सामन्यातला संघ कच्चा नव्हता. त्या मुली दणकट होत्या आणि थकत नव्हत्या. तरी मध्यंतरानंतर माझा एक गोल झाला. शेवटची दहा मिनिटं राहिली, एक-शून्य, आणि आमच्या पायांतलं त्राण गेलेलं. अशा वेळी आम्ही नेहमी चेंडू लांब मारून मोकळ्या व्हायचो. पण काठावरून बाईंनी दोन्ही हात वर केले आणि ओरडल्या, "वीस! वीस!"

त्यांच्या हिशेबानं बरोबरच होतं. ज्या मुली चारदाच उसवून वीस पास करतात त्यांनी चेंडू आपल्याकडं ठेवावा, दहा मिनिटं सहज निघून जातील. कपाटानं गोलमधून माझ्याकडं पाहिलं. तिचे ते घाबरलेले डोळे मला अजून दिसतात. मी कॅप्टन होते. "लांब मार" एवढं ओरडले असते तरी पुरलं असतं. पण मग सामना संपल्यावर बाईंनी विचारलं असतं, का गं? आणि मला उत्तर द्यावं लागलं असतं. मी तोंड मिटून घेतलं.

सहा पास झाले. सातवा भोवऱ्यानं मला दिला तो आमच्याच गोलच्या तोंडाशी, आणि जोरात. तोपर्यंत माझ्यावर दोघी धावून आल्या होत्या. मोकळी कोण आहे हे बघायची सवय मला नव्हतीच. मी आपली त्या दोघींना चकवायला गेले. एकीला चकवलं. दुसरीनं चेंडू काढून घेतला आणि कपाट हलायच्या आत जाळीत घातला. त्यानंतर आमचं सगळंच सुटलं. पाच मिनिटांनी दुसरा गोल बसला. दोन-एक.

बाई मैदानात आल्या. कुणालाही काही विचारलं नाही. ओल्या जर्सी गोळा केल्या, एकेक उलटी सुलटी करून घडी घातली, आणि भोवरा हुंदके देत होती तिच्या डोक्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

समितीची बैठक चार दिवसांनी झाली. प्राचार्याबाई, एक कारकून, आणि समितीचे प्रमुख म्हणून वाणिज्य शाखेचे एक प्राध्यापक. गोल किती खांबांचा असतो हे त्यांना सांगावं लागलं असतं, पण स्वर असा की वाटावं, जन्म मैदानात गेला. बाई टेबलासमोरच्या खुर्चीत होत्या, कॅप्टन म्हणून मला दाराजवळ बसवलं होतं. टेबलावर विद्यापीठाच्या संघनिवडीची यादी पडली होती. तिच्यावर प्राचार्याबाईंची सही व्हायची होती आणि तिच्यात माझं नाव होतं.

"शेवटच्या दहा मिनिटांत आपल्याच गोलसमोर असले नाजूक खेळ कुणी सांगितले?" प्राध्यापकांनी विचारलं.

"मी सांगितले," बाई म्हणाल्या.

"मुलींची तयारी होती?"

बाईंनी बोटांवरचा खडू पदराला पुसला. प्राध्यापक माझ्याकडं वळले. "काय कॅप्टन? सराव झाला होता याचा?"

मला खरं बोलायला एक वाक्य लागलं असतं. मी त्या यादीकडं पाहिलं आणि म्हणाले, "हो सर. दर गुरुवारी."

बाई माझ्याकडं बघत होत्या. रागानं नव्हे, एखाद्या सदऱ्याकडं बघावं तशा, शांतपणे. मग त्या वळून म्हणाल्या, "मुलींनी सराव केला होता. डावच चुकीचा होता. चूक माझी आहे." फुटबॉलबद्दल त्यांच्या तोंडून मी ऐकलेली तेवढी एकच खोटी गोष्ट. पंधरा मिनिटांत सगळं आटोपलं. त्यांच्या जागी प्रमाणपत्र आणि शिट्टी असलेले एक सर नेमले गेले. माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत होती. वाईट असता तर निदान त्याच्यावर खापर फोडता आलं असतं.

मी मुलींना बैठकीत काय झालं ते सांगितलं. लगेचच्या गुरुवारी सगळ्या न बोलावता जमल्या, आणि नव्या सरांची परवानगी काढून आम्ही वीस पास करायला उभ्या राहिलो. त्या दिवशी अकराच्या पुढं गेलो नाही. तेव्हा कुठं कळलं, की मी जे नऊ, सात, चार म्हणून सांगत होते त्यात केवढं काम असायला हवं होतं. पुढच्या गुरुवारी चौदा. मग पुन्हा नऊ, कारण अंगात आलेलं थोडं कौशल्य आम्हाला लगेच डोक्यावर चढायचं. मग गुरुवार पुरेना, रोज सुरू केलं. कपाटाच्या पायाची नखं काळी पडली. मला पहिल्यांदाच चेंडू पायाला लागण्याआधी मान वर करून बघायची सवय लागली, आणि मैदानावर बाकीच्या दहा जणी असतात हा शोध लागला. सातव्या आठवड्यात वीस झाले. कुणीही ओरडलं नाही. भोवरा मटकन खाली बसली आणि म्हणाली, "हे आधी करता आलं असतं गं आपल्याला. नक्की आलं असतं."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी कारखान्यात गेले. खोटं कशाला बोलू, मनात थोडा अभिमान होता. वाटत होतं, काहीतरी परत करायला निघाले आहे. यंत्रं बंद होती, बायका डबे खात होत्या, बाई मात्र टेबलाशी उभं राहून एक बाही चाचपत होत्या. मी सगळं सांगितलं, पायऱ्यांसकट. शेवटी म्हणाले, "पण काल झाले, बाई. खरोखरचे वीस."

"छान झालं," त्या म्हणाल्या. "काल झाले ते कालचे. त्या दिवशीचे कुठून आणणार?"

त्यांनी बाही उलटली. "मला कळलं होतं. सातव्या पासला. टाका घातलाच नव्हता हे ओळखायला काय बावीस वर्षं लागतात?"

"मग बैठकीत का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? माझ्या मुली माझ्याशी खोटं बोलल्या म्हणून?" त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. दोन-तीन बायकांनी डब्यातून माना वर केल्या. मग त्या हळू बोलल्या, "ती यादी टेबलावर उलटी पडली होती. मी उलटं वाचू शकते. तुझं नाव दुसरं होतं. माझं जायचं ते बहुतेक गेलंच होतं. म्हटलं, एक तरी टिकू दे."

मला तिथं उभं राहवेना. मी तशीच कॉलेजात गेले आणि प्राचार्याबाईंना सगळं सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, झालेली नेमणूक आता मोडता येणार नाही, सरांचा त्यात काही दोष नाही. आणि जी कॅप्टन समितीसमोर खोटं बोलली तिच्या नावाची शिफारस त्या करू शकत नाहीत. पेन उचलून त्यांनी माझं नाव यादीतून काढण्याचं विद्यापीठाला पाठवायचं पत्र माझ्यासमोरच लिहिलं. मला वाईट वाटलं, पण हलकंही वाटलं. आपण बरोबरी केली असं मला वाटलं. इतकी मी मूर्ख होते.

सोमवारी संध्याकाळच्या चहाच्या सुट्टीत पुन्हा कारखान्यात गेले आणि बाईंना सांगितलं. म्हणाले, "माझंही नाव काढलं. आता फिटलं."

त्यांच्या हातातला खडू खाली पडला. "काढलं?" त्या म्हणाल्या. "यादीतून?"

"हो. मीच जाऊन खरं सांगितलं."

"अगं वेडे," त्या म्हणाल्या, "अगं वेडे, तेवढं एकच तर राहिलं होतं माझ्या हातचं!" आणि टेबलाला धरून त्या स्टुलावर बसल्या, खडूचे हात तसेच तोंडावर दाबले, आणि सगळ्या बायकांसमोर रडल्या. समितीच्या बैठकीच्या दिवशी त्या रडल्या नव्हत्या. सासूबाईंनी मला नंतर सांगितलं, घरीसुद्धा नाही.

मी शेजारी उभी राहून रडत होते. मग सुट्टी संपल्याची घंटा झाली. एकेक करून यंत्रं सुरू झाली. बाईंनी पदरानं तोंड पुसलं, गालावर खडूचा पट्टा तसाच राहिला. त्यांनी पुढचा सदरा ओढून घेतला, शिवणीवरून अंगठा फिरवायला सुरुवात केली आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "जा आता. सरावाला उशीर होईल."